धूळ नसलेलं पुस्तक

बाकी साऱ्यांवर बोटभर धूळ आणि हेच एक पुस्तक लख्ख! ग्रंथपाल निमकरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. विधानमंडळाच्या ग्रंथालयात जागा उरली नव्हती. पंधरा वर्षांत एकाही आमदाराने न नेलेली पुस्तकं रद्दीत जाणार होती. मग गावांची ही जुनी सूची चाळतंय कोण? पानं तर फाडत नाही ना कुणी?

जेवणाच्या सुट्टीत बाई कपाटाआड दबा धरून राहिल्या. शिपाई शेलार आला आणि सूची उघडून एका ओळीवर बोट ठेवून बसला.

"काय शोधताय, शेलार?"

तो दचकला. "आमचं गाव, बाई. धरणात गेलं. नव्या सूचीत नाही. इथं अजून आहे बघा. विहिरी तीन. त्यातली एक आमची."

बाईंनी हातातली रद्दीची यादी पदराआड लपवली.