जुनीच वायर

बॉनेट उचललं तेव्हा मिस्त्रीला आधी वास आला. प्लास्टिक जळाल्याचा. चार दिवस झाले तरी गेला नव्हता.

त्याच्या मागे काका उभे होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर त्यांची मुलगी बसली होती, दार उघडं, तोंड दुसरीकडे. बापलेकीत बोलणं बंद आहे, हे कुणी सांगायला नको होतं.

"काकू कशा आहेत?" मिस्त्रीने विचारलं.

"आयसीयूतच आहे अजून. शुद्धीवर आहे, थोडंफार बोलते."

काकूंना चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन लागायचं. दोन वर्षांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. हे मशीन गाडीत चालवायचं तर वीस वर्षांच्या व्हॅनचा अल्टरनेटर पुरण्यासारखा नव्हता. चालत्या इंजिनवर तो बॅटरी जेमतेम दिव्यांपुरती चार्ज करायचा. म्हणून मिस्त्रीने दुप्पट ताकदीचा नवा बसवला. बॅटरी मोठी टाकली, इन्व्हर्टर जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको काकूंच्या बहिणीकडे निघाले. अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली आणि तिच्याबरोबर मशीनही. जवळचा छोटा सिलिंडर वीस मिनिटं पुरला. अँब्युलन्स यायला चाळीस लागली.

"चूक माझीच," काका म्हणाले. "तुम्ही बजावलं होतंत, सगळं एकदम लावू नका म्हणून. ऊन फार होतं. मी पंखा लावला."

"शंभरदा सांगितलं होतं मी," मुलगी गाडीतूनच म्हणाली. "पण ऐकतील तर ना!"

मिस्त्री टॉर्च घेऊन वाकला. नवा अल्टरनेटर लख्ख होता, त्याला काही झालं नव्हतं. तिथून बॅटरीकडे जाणारी वायर मात्र मधोमध वितळून तुटली होती. गाडीबरोबर आलेली, जुनीच वायर. पेन्सिलीपेक्षा बारीक.

नव्याला दुप्पट जाड वायर लागते, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्या दिवशी जाड वायर संपली होती. आणायला बाजारात जावं लागलं असतं आणि त्याला कंटाळा आला होता. गाडी उभी असताना मीटर लावला, आकडा बरोबर आला. चालून जाईल तूर्त, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि काकांना सांगितलं, "सगळं एकदम लावू नका हं." तेवढ्याने त्याचं समाधान झालं होतं. त्या रात्री त्याला छान झोप लागली होती.

आता न बोलता वायर बदलता आली असती. दोष काकांनी आपणहून अंगावर घेतला होता आणि मुलीने त्याच्यावर शिक्काही मारला होता. त्याने जळका तुकडा कापला आणि मुठीत धरला.

काका जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का मिस्त्री? पंखा तुमच्या काकूनेच लावायला सांगितला होता. पोरीला बोललो नाही मी. आजारी बाईच्या माथी कशाला मारायचं? पण तिचं तिला ठाऊक आहे ना. मी गेलो की नजर चुकवते. काल म्हणाली, 'माझीच हौस नडली.'"

मिस्त्री सरळ उभा राहिला.

"काका, पंख्याने काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

त्याने मूठ उघडली. "ही वायर बदलायला हवी होती. मी बदलली नाही. पंखा काय, दिवे, टेप, सगळं लावलं असतंत तरी चाललं असतं. त्यासाठीच तर मोठा बसवला होता."

मुलगी खाली उतरली. तिने तो तुकडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी गाडी दिलीत?"

"हो, ताई."

तिने एक सणसणीत लगावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने तसं काही केलं नाही. ती वडिलांकडे वळली, काहीतरी बोलायला गेली आणि तिला रडूच फुटलं. काका मात्र गाडीला टेकून नुसते श्वास घेत होते, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखे. मग सरळ झाले.

"चला," ते मिस्त्रीला म्हणाले.

"कुठे?"

"हॉस्पिटलला. मी सांगितलं तर तिला वाटेल, समजूत घालायला रचून सांगतोय. तुम्ही सांगा."

मिस्त्रीने साबणाने दोनदा हात धुतले. नखांतलं काळं निघालं नाही.

आयसीयूत एकालाच सोडत होते. "पाच मिनिटं," नर्स म्हणाली. पलंगावर काकू केवढ्याशा दिसत होत्या. नाकातोंडावर मास्क होता. तो पायथ्याशी उभा राहिला आणि सगळं सांगितलं. जाड वायर संपली होती इथपासून, कंटाळा आला होता इथपर्यंत. काही गाळलं नाही. पंख्याचा काही संबंध नव्हता, हे दोनदा सांगितलं.

काकूंनी डोळे मिटले. त्या रडतील, किंवा निघून जा म्हणतील, असं त्याला वाटलं. मग त्यांनी एका बोटाने मास्क जरा बाजूला केला.

"वायर बदलायला किती वेळ लागला असता?"

"बाजारात जाऊन येऊन... तासभर."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. न कळलेलं काहीतरी समजून घ्यायचं असावं, तसं.

"सांगायचं होतंत ना," त्या म्हणाल्या. "आम्ही थांबलो असतो."