घर बघायला आलेलं गिऱ्हाईक

बेल वाजली म्हणून तिनं दार उघडलं, तर बाहेर वडीलच उभे होते. मघाशी घरच्या कपड्यांत सोफ्यावर लवंडलेला माणूस आता इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून जिन्यात उभा होता.

"नमस्कार, ताई," ते म्हणाले. "हे घर विकायचंय असं कळलं. बघायला आलोय."

तिला हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत. पायपुसण्याला नीट बूट पुसून आत आले आणि परक्या घरात उभं राहावं तसे हात मागे बांधून उभे राहिले.

तिची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. ज्या दुकानात ती हिशेब बघायची ते बंद पडलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर तिनं इस्टेट एजंटच्या लायसनचा अभ्यास सुरू केला. स्वतःच्या घरी मुलांच्या गोंगाटात डोकं चालत नसे, म्हणून दुपारी वडिलांकडे येऊन वाचत बसायची. करार, नोंदणी, गहाण, भाडेपट्टा, सगळं पाठ होतं. मागच्या वेळी गाडी अडली ती एकाच प्रकरणात: गिऱ्हाइकाला काय सांगायचं आणि काय नाही. आजही तेच पुन्हा पुन्हा वाचून ती रडकुंडीला आली होती. शेवटी वडिलांनी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. असं घोकून काही व्हायचं नाही, म्हणाले. मी गिऱ्हाईक होतो, तू मला हेच घर दाखव.

"या ना, काका," ती म्हणाली.

जन्मभर बस चालवलेला माणूस, पण गिऱ्हाईक म्हणून भलताच पक्का निघाला. त्यांनी भिंतींवर टकटक केली. नळ सोडून धार बघितली. खिडक्या उघडून मिटून पाहिल्या. ती उजेडाचं आणि वाऱ्याचं कौतुक करायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच थांबवलं.

"उजेड मला दिसतोय, ताई. न दिसणारं सांगा."

मग तिला सूर सापडला. कपाटामागं ओल येते, हे तिनं न विचारता सांगितलं. गॅलरीचं दार फुगलंय, लावताना उचलून धरावं लागतं. सिंक अधूनमधून तुंबतं. कागदपत्रं स्वच्छ आहेत, घरावर कुणाचा बोजा नाही. पुस्तकातलं वाक्य न् वाक्य आता आपोआप तोंडात येत होतं.

स्वयंपाकघरात खिडकीशी एक उंच स्टूल होतं. इथं कोण बसायचं, असं त्यांनी विचारलं. मालकीणबाई, ती म्हणाली. भाजी निवडायच्या, खालच्या रस्त्यावर लक्ष ठेवायच्या. आता कुठं असतात? गेल्या, ती म्हणाली. वडिलांनी मान हलवली, स्टूलवरून हात फिरवला आणि पुढं निघाले.

या घरावरून दोघांत वर्षभर धुसफूस चालू होती. वडिलांना ते विकून तळमजल्यावरचं छोटं घर घ्यायचं होतं, त्यांच्या जुन्या कंडक्टर मित्राच्या गल्लीत. विषय निघाला की ती उठून जायची. आईचं घर आहे हे, एवढंच म्हणायची. तिचे डोळे भरून आले की वडील बोलणं तिथंच सोडून द्यायचे.

न्हाणीघराच्या दारात ते थांबले. इथं कधी काही झालंय का, त्यांनी विचारलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

पाणी लवकर वाहून जात नाही, ती म्हणाली. थंडीच्या दिवसांत एक वयस्कर गृहस्थ इथं घसरून पडले. फार लागलं? मनगट मोडलं. तेव्हा घरात कुणी होतं?

"नाही," ती म्हणाली. "दुपारी त्यांची मुलगी येईपर्यंत ते तसेच पडून होते."

ते पुन्हा बाहेरच्या दाराशी आले. लिफ्टचं विचारलं. लिफ्ट नव्हती. जिन्याचं विचारलं. तीन मजले, कठडा एकाच बाजूला, आणि मधला दिवा बऱ्याचदा गेलेला असतो, असं तिनं सांगितलं. वडील चौकटीला टेकले. त्यांचा एक हात आपसूक गुडघ्यावर गेला. क्लच दाबून दाबून ते गुडघे कधीच कामातून गेले होते.

"आता शेवटचं विचारतो, ताई. माझं वय झालंय. पाय साथ देत नाहीत. मी एकटा राहतो. माझ्यासारख्यानं हे घर घ्यावं का?"

उत्तर तिला ठाऊक होतं. गिऱ्हाइकानं सरळ विचारलं तर सरळ सांगायचं, मग व्यवहार मोडला तरी बेहत्तर. मागच्या पेपरात नेमकं हेच चुकलं होतं. ती वडिलांकडे बघत राहिली. त्यांच्या शर्टाच्या उजव्या बाहीचं बटण उघडंच होतं. डावं मनगट मोडल्यापासून त्या हाताची बोटं नीट वळत नव्हती. रोज येऊनही हे तिनं कधी बघितलं नव्हतं.

ती जवळ गेली आणि तिनं ते बटण लावलं.

"नका घेऊ, काका," ती म्हणाली. "हे घर आता तुमच्यासाठी नाही."

बाहीवरचा तिचा हात वडिलांनी तसाच धरून ठेवला.

"मग ताई, एवढं एकदा माझ्या मुलीला समजावून सांगा," ते म्हणाले. "माझं ती ऐकत नाही."