लाईनवर पहारा

बफेलोच्या आमच्या ऑफिसात सकाळीच एचआरच्या डार्लीननं मला गाठलं. "झिलिन्स्की, कालपासून माझा प्रत्येक कॉल मध्येच तुटतोय रे. हेडसेट बदलला तरी तेच. बघ ना जरा!"

मी तिच्या लाईनवर पहारा बसवला. कॉल मिनिटाच्या आत तुटला, की कोणी तोडला त्याची नोंद माझ्या पडद्यावर येणार. दुपारपर्यंत सात नोंदी आल्या. सातही वेळा समोरच्यानंच फोन ठेवला होता.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"बिघाड नाहीये, डार्लीन. लोकच ठेवतायत."

"असं होय... बरं, ऐक. कंपनी माणसं कमी करतेय. आडनावांच्या ए ते झेड क्रमानं सांगत आलेय, तू शेवटचा. उद्यापासून येऊ नकोस."



पडद्यावर आठवी नोंद उमटली. अठ्ठावीस सेकंद.