मुगाएवढा तीळ

"हलू नका," मंदाताई म्हणाल्या. "पाठ उन्हाकडे करा."

संभाजीराव सदरा काढून खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. महिन्याचा पहिला रविवार, आंघोळीनंतरची वेळ. हे व्रत दीड वर्षापूर्वी नात तन्वीनं लावून दिलं होतं. ती भोपाळला डॉक्टरकी शिकत होती. आजोबांनी चाळीस वर्षं भर उन्हात हॉकीची पंचगिरी केली, तेव्हा त्यांची कातडी महिन्यातून एकदा नखशिखांत बघायची, असा तिचा हुकूम होता. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, काही सोडायचं नाही. तीळ वाढला, कड वाकडी झाली, रंग बदलला किंवा रक्त आलं, तर लगेच दाखवायचं.

"और हां आजी, तिळाला फालतू हात नको लावू. फक्त बघायचं."

मंदाताईंचं माहेर दाल बाजारातलं. वडिलांचं डाळींचं दुकान. तन्वीनं दिलेली मिलिमीटरची पट्टी त्यांनी कपाटात ठेवून दिली आणि तीळ आपल्या पद्धतीनं मापले. वहीत लिहिलेलं असायचं: मान, राई. उजवा दंड, मसूर. डाळी निवडत वाढलेल्या मुलीला पट्टी कशाला लागते, असं त्यांचं म्हणणं.

"मान?" संभाजीरावांनी विचारलं.

"राई. तेवढीच."

"दंड?"

"मसूर."

खरी काळजी होती ती डाव्या खांद्याच्या पात्याखालच्या तिळाची. त्याची ओळख जुनी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं गच्चीवर झोपायचे. उजाडताना मंदाताईंना जाग आली, तेव्हा नवरा पालथा झोपला होता आणि पाठीवर राईएवढा तीळ होता. त्यांनी लाजत लाजत त्यावर बोट टेकवलं होतं. रापलेली मान बघून त्याच आठवड्यात त्या टोपी बाजारात गेल्या आणि रुंद काठाची पांढरी टोपी घेऊन आल्या. संभाजीरावांनी ती एक सामना घातली. पुढच्या सामन्याला ती गुण लिहिणाऱ्याच्या डोक्यावर होती. ते दिवस फार चांगले होते. ऊन तेव्हाही होतंच, पण त्याची भीती कुणाला नव्हती.

पन्नास वर्षांत राईचा मूग झाला. गेल्या दसऱ्याला तन्वी आली, तिनं आजोबांची पाठ बघितली आणि ती हसायची थांबली.

"कड बिघडली आहे, आजोबा. दाखवायला पाहिजे. जल्दी."

"बघू," आजोबा म्हणाले.

दिवाळीनंतर ते जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याला म्हणून भोपाळला जाऊन आले. येताना नमकीन आणलं आणि सर्दीही. त्या महिन्याचा रविवार सर्दीत बुडाला. मंदाताईंचा जीव मात्र टांगणीलाच होता. दर महिन्याला त्या डॉक्टरचं नाव काढायच्या आणि दर महिन्याला संभाजीराव म्हणायचे, बघू.

"आणि तो?" आज संभाजीरावांनी विचारलं.

मंदाताईंनी हात पाठीमागे बांधले आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"मूग. कड तशीच वाकडी. वाढला नाही म्हणून तुम्ही निवांत. वाढायची वाट बघायची आहे का?"

मंदाताईंनी वहीत नोंद केली. अक्षर रेघ सोडून खाली उतरलं होतं.

दुपारी जेवताना संभाजीरावांच्या दाताखाली वरणातला खडा आला. त्यांनी तो गुपचूप ताटाखाली सारला. आठवड्यातला तिसरा.

"उद्या जाऊ दवाखान्यात," ते म्हणाले. "पण तू सोबत चल."

मंदाताईंचा हात वाढता वाढता थांबला. स्वतःसाठी त्या जन्मात दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. आईचं एकदा ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की त्या दोन हात लांब.

"येणार नाही तर काय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकट्याला सोडते की काय मी."

सोमवारी संभाजीरावांनी पडाव चौकाच्या पुढे ऑटो हॉकीच्या मैदानाच्या बाजूनं घ्यायला लावली. त्यांच्या डोक्यावर आता रुंद काठाची टोपी होती. अक्कल आली, पण केस गेल्यावर.

"तुझ्या त्या पांढऱ्या टोपीत मी कसा दिसायचो?"

"दिसलात कधी? ती तर तुम्ही दान करून टाकली."

दोघं हसले. मग मंदाताईंनी त्यांचा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. त्यांना फार भीती वाटत होती.

दवाखान्याच्या दारावर हातभर उंचीच्या अक्षरांची पाटी होती.

"हाच ना?" मंदाताईंनी विचारलं.

"वर लिहिलंय की."

"चष्मा घरी राहून गेला." हल्ली तो वरचेवर घरी राहायचा.

आत बाकावर काळा चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली. "पेशेंट कौन है?"

"ये," संभाजीराव म्हणाले आणि त्यांनी मंदाताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, असं काय करता?" मंदाताई गोंधळल्या. "तीळ तुमचा आहे. पाठ दाखवा ना त्यांना."

संभाजीरावांनी त्यांना बाकावर बसवलं आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"तो तीळ मी दिवाळीनंतर भोपाळलाच काढून टाकला, मंदा. तन्वीनं नेलं होतं, रिपोर्टही चांगला आला. तेव्हापासून मी वाट बघतोय, तीळ गेला कुठे म्हणून तू कधी विचारतेस याची."