पालथा कागद

हिमालयात वनस्पती गोळा करणाऱ्या एका जुन्या साहेबाने काढलेले, पुढे हरवलेले फोटो शोधण्यात मंदाकिनीबाईंची अकरा वर्षं गेली. लंडन, कोलकाता, दार्जिलिंग, सगळीकडून नकारच आला. आज निवृत्तीच्या दिवशी, साहेबाने कागदांवर चिकटवलेल्या वाळक्या रोपांचं कपाट त्या मदतनीस बाबरच्या हवाली करत होत्या.

त्याच्या हातून एक कागद निसटून पालथा पडला.

"चुकलं बाई," तो पुटपुटला. रोपाचा चुरा होईल म्हणून कागद कधीच उलटायचा नाही, हे बाईंनीच तीस वर्षं सगळ्यांना बजावलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. मागच्या बाजूने तो कागद म्हणजे साहेबाने काढलेला फोटोच होता. बर्फात करंडी घेऊन एक हमाल हसत उभा होता.

त्या खुर्चीत टेकल्या. "बाकीचे तूच उलट रे. माझ्याच्यानं नाही व्हायचं."