फुरशाचं बारसं

हरिणी कॉलेजात शिकवून घरी आली तेव्हा तिच्या सासूबाई, भागीरथीबाई, मोच्चैच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. चेहरा शांत होता, पण दाणे सालांत आणि सालं दाण्यांत पडत होती.

“अखिलाचा फोन आलेला,” त्या तमिळ मिसळलेल्या घरच्या मराठीत म्हणाल्या. “माझं पेर पाम्बुला ठेवट्लीस म्हणे.”

अखिला म्हणजे कोइमतूरची नणंद. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असूनही मुरलीकृष्णानं बायकोची बातमी सकाळीच बहिणीला सांगितली होती. सुनेनं सासूचं नाव सापाला दिलं, आणि सापही विषारी! बहीणभाऊ पोट धरून हसले असणार.

हरिणीला मात्र रडू यायचंच बाकी राहिलं. कितीतरी उन्हाळे ती राजस्थानच्या वाळूत सापांमागे हिंडली होती. हाती लागलं एक हातभर फुरसं. आजवर सगळे त्याला इतर फुरशांतच धरत आले. हरिणीनं त्याचे खवले मोजले, विष तपासलं आणि त्याची जात निराळी ठरवली. आता नाव ठेवायचा मान तिचा. तिच्या शास्त्रात याहून मोठा सत्कार नाही. घरात त्याचं काय होईल हे मात्र तिला सुचलंच नव्हतं. हुशार माणसंच अशी फसतात.

“संध्याकाळपर्यंत बदलता येतं, आत्याबाई. एकदा छापलं की मलाही बदलता येणार नाही. तुम्ही नक्को म्हणा, आत्ता काढते.”

“आधी दाखव.”

हरिणीनं लॅपटॉप उघडला. भागीरथीबाईंनी पदराला हात पुसून चष्मा लावला.

“हे सुरुट्टै विरियन. आमच्या वल्लमकडं पण अहे की.”

“दिसायला इकडच्या फुरशासारखंच. आतून वेगळं. इकडच्या विषावरचं औषध तिकडं नीट लागू पडत नाही. माणसं मरतात. आधी हे वेगळं म्हणून कळलं, तर पुढं औषध करता येईल.”

“उगीच चावतं?”

“नाही. आधी अंगावर अंग घासून आवाज करतं. जवळ येऊ नका म्हणून.”

“सांगून चावतं,” भागीरथीबाई म्हणाल्या. “मग बरं अहे. अखिलापरीस बरं.”

हरिणी हसली नाही. सासूबाई दुखावल्या असल्या तर तिला ते नाव नकोच होतं, आणि नाव काढायचं म्हटलं की जीव तुटत होता.

“पण माझं का? तुज्या आईचं ठेवायचं की.”

“मी तिकडं असताना आपल्या छोट्या वर्षाला टायफॉइड झाला. तुम्ही मला कळूसुद्धा दिलं नाही, मी काम टाकून येईन म्हणून. पोर तुम्ही सांभाळली, आत्याबाई. हा साप मला सापडला तो तुमच्यामुळं. दुसऱ्या कुणाचं नाव ठेवू?”

भागीरथीबाई चष्मा सारखा करून चित्राकडं वाकल्या.

वर्षाचंही पाळण्यातलं नाव भागीरथीच. पहिल्या नातीला आजीचं नाव, ही त्यांच्याकडची रीत. सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हीसुद्धा रीतच. मग आईनं पोरीला हाक कशी मारायची? म्हणून वर्षा. भागीरथीबाई स्वतः पोरांच्या अम्मा, गल्लीच्या मुरली-अम्मा, आणि नवरा होता तोवर त्याच्या ‘अगं’.

“आमची आई गेली, त्याउपर या पेरानं मला कोणी बोलावलं नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “हे तुज्या सापांचे लोक नुस्तं लिहितील, की बोलतील पण?”

“बोलतील. पुढच्या महिन्यात बंगळूरला सभा आहे. आधी मलाच बोलावं लागेल, सगळ्यांपुढं.”

“सरी. मग आत्ता बोल. ऐकते.”

हरिणीनं तोंड उघडलं आणि मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे नाव तिनं कागदावर कितीदा तरी लिहिलं होतं. जिभेवर एकदाही आलं नव्हतं.

“एकिस,” ती म्हणाली. तो पहिला शब्द सगळ्याच फुरशांचा, तो काही अवघड नव्हता.

भागीरथीबाई वाट बघत होत्या. शेंग हातात तशीच.

“भागीरथी,” हरिणी म्हणाली.

“ओ,” सासूबाई म्हणाल्या.