शेवटच्या घराची हवा

सकाळी नळाला हवा आली, तशी भार्गवीने चोरून बसवलेली मोटार चालू केली. बाहेरची हवा विषारी झाल्यापासून घरोघरी श्वास पाइपातूनच यायचा. आजारी सासूबाईंच्या ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला.

"पुढच्या घरांना कमी पडेल गं," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांनीच लावल्यात, आई. पूर्वी पाण्याला लावायचे तशाच."

एवढ्यात लाइनीच्या शेवटच्या घरातून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आमच्याकडे प्रेशरच नाही. बाळ निपचित पडलंय."

सासूबाईंनी धडपडत उठून मोटार बंद केली. "वैजू, आता येतेय का गं हवा?"

घरातली मोटार थांबताच शेजारच्या, वरच्या, खालच्या घरांतल्या मोटारींची घरघर तेवढी स्पष्ट ऐकू येऊ लागली.